वार्ताफलकावर आठच ओळी मावतात : लाइम, गोचीड आणि आमची कॉलनी

फळाखडू
सोमवार, रात्री ९:१०

कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला आमची कॉलनी. कॉलनीच्या तोंडाला, दूध डेअरीशेजारी मंडळाचा वार्ताफलक आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, तो मीच लिहितो. अक्षर बरं आहे, एवढीच पात्रता. पाणी कधी येणार, कोणाचं निधन झालं, कोणाची पोरगी फौजदार झाली, महाप्रसाद कधी आहे, कोणाचं मांजर हरवलं. ठळक लिहिलं तर आठ ओळी मावतात. नववी लिहायला मला गुडघ्यावर बसावं लागतं, आणि वाचायला लोकांना.

काल त्यावर लिहिलं : ‘लाइम रोगापासून सावध राहा. गवतात जाताना काळजी घ्या.’

आज संध्याकाळपर्यंत तीन माणसं घरी येऊन गेली. पहिले शेजारचे अण्णा, तळहातावर तंबाखू मळतच आले. “लाइम म्हंजे चुना न्हवं? चुन्यानं रोग हुतोय व्हय? चाळीस वर्सं खातोय की मी.” दुसऱ्या शेवटच्या घरातल्या वहिनी. त्यांना लिंबू वाटलं होतं. सकाळी पोह्यांवर लिंबू पिळायचं त्यांनी थांबवलंही होतं. तिसरा मंडळाचा अध्यक्ष. “काका, गवत म्हणजे रिकाम्या प्लॉटांतलंच ना? निवेदन द्यायचं असेल तर आत्ताच देऊया, तापलेला तवा हाय.”

हे माझ्या डोक्यात आलं कुठून ते सांगतो. माझी भाची अमेरिकेत कनेक्टिकट राज्यात असते. मे महिन्यात तिच्या अकरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यामागे लाल चट्टा उठला. खाज नाही, ठणका नाही. चारपाच दिवसांत तळहाताएवढा पसरला, मधे फिकट आणि कडेने लाल. तिथल्या डॉक्टरांनी नुसता बघून लाइम, म्हणजे गोचीड चावून होणारा जिवाणूंचा रोग, सांगितलं, रक्तसुद्धा काढलं नाही, आणि डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं. पोरगा आता ठणठणीत आहे. गोचीड चावल्याचं कोणाला कळलंच नव्हतं. रोग देणारी गोचीड बऱ्याचदा अर्धवट वाढलेली असते, खसखशीच्या दाण्याएवढी. भाची म्हणते, उन्हाळ्यात पोरं बागेतून आली की रोज कानामागे, काखेत, बेंबीत, केसांत बघायचं. आमच्या लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोती असायची, यांच्याकडे गोचीडशोध.

नावाचा चुन्याशी संबंध नाही, लिंबाशीही नाही. लाइम हे त्या राज्यातलं गाव. १९७५ च्या सुमारास तिथल्या आणि आसपासच्या गावांतल्या पोरांचे गुडघे सुजायला लागले. संधिवात म्हणून डॉक्टर मोकळे व्हायचे. तिथे पॉली मरे नावाची एक गृहिणी होती. स्वतः ती, नवरा, मुलं, घरातलं कोणी ना कोणी सतत आजारी. तिने नोंदी ठेवल्या, आणखी कोणाकोणाच्या घरी असंच चाललंय ते लिहून काढलं आणि राज्याच्या आरोग्य खात्याला फोन केला. जवळपास त्याच वेळी दुसऱ्या एका आईनेही फोन केला होता. मग येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर तपासाला उतरले. १९७७ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५१ रुग्ण होते, त्यांतली ३९ मुलं. जिवाणू सापडायला आणखी काही वर्षं गेली. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञांना गोचिडीच्या आतड्यात तो नागमोडी जिवाणू दिसला, आणि पुढे त्यांचंच नाव त्याला मिळालं, बोरेलिया बर्गडॉर्फेरी.

वही घेऊन बसलेली ती बाई मला आमच्यातली वाटली, म्हणून उत्साहाच्या भरात फळा लिहून मोकळा झालो. आता जाणकारांनी सांगावं. हा रोग आपल्याकडे आहे का? नसेल तर पुसतो. असेल तर आठ ओळींत काय लिहू?


तांबडापांढरा
सोमवार, रात्री ९:३५

काका, नाद खुळा! अण्णांना म्हणावं बिनधास्त मळा. (तंबाखूने जे व्हायचं ते वेगळं.) फळ्याचा फोटो टाका की.


गोठ्यातला_डॉक्टर
सोमवार, रात्री १०:२०

मी करवीर तालुक्यात पशुवैद्यक आहे. गोचिडींशी रोजचा संबंध, म्हणून थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

गोचीड एकच नसते. लाइम पसरवणाऱ्या गोचिडी ‘इक्सोडिस’ कुळातल्या. अमेरिकेच्या पूर्व भागात एक जात, युरोपात दुसरी. त्यांना जिवाणू मिळतो तो मुख्यतः रानउंदरांकडून. अमेरिकेतल्या जातीला ‘हरणाची गोचीड’ म्हणतात, पण ते नाव तिला उगीच चिकटलंय. हरणावर ती पोट भरते, वाढते, पण जिवाणू तिला हरणाकडून मिळत नाही. त्या दोन्ही जाती आपल्या गोठ्यात, कुत्र्यावर किंवा उसात नाहीत. भारतात लाइमच्या तुरळक नोंदी आहेत, त्या बऱ्याचशा हिमालयाच्या पट्ट्यातल्या आणि ईशान्येकडच्या. कळंब्याच्या रिकाम्या प्लॉटमध्ये लाइमची भीती घालणं म्हणजे रंकाळ्यात मगर आहे म्हणून पाटी लावणं.

पण गोचीड मात्र मुबलक आहे. म्हशीच्या कासेला, गाईच्या मानेखाली, शेपटीच्या बुडाशी जी दिसते तिची मादी रक्त पिऊन फुगली की खाली पडते आणि गोठ्याच्या फटीत दोन-तीन हजार अंडी घालून मरते. म्हणून नुसत्या जनावराला औषध लावून भागत नाही. भिंतीच्या फटी, गव्हाण, कोपरे, सगळं बघावं लागतं. संकरित गाईला गोचीड ताप आला की १०५-१०६ डिग्री चढतो, खांद्याजवळच्या गाठी सुजतात, दूध आटतं. एका प्रकारात लघवी कॉफीसारखी होते. हे जनावरांचे ताप सहसा माणसाला होत नाहीत, तेव्हा दूध कट्ट्यावर जायचं कोणी बंद करू नका.

कुत्र्याची गोचीड वेगळी. ती घरात राहते, भिंतीवर चढते, पडद्यामागे अंडी घालते. तिच्याबद्दल माणसांच्या डॉक्टरांनी बोलावं.

आणि एक, गोठ्यात फवारायचं औषध माणसाच्या अंगाला लावू नका. हसू नका, लावतात.


पेठेतला_पैलवान
मंगळवार, सकाळी ७:१५

म्हणजे रोग अमेरिकेचा, भाची अमेरिकेत, आणि फळा कोल्हापुरात. राग मानू नका काका, पण पंचगंगेचं पाणी काय रंगाचं झालंय ते लिहा की. कावीळ लिहा, डेंगू लिहा. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस तापाने झोपलेला असतो पावसाळ्यात. त्यात हे नवीन कशाला?


फळाखडू
मंगळवार, सकाळी ८:०२

राग कसला. बरोबरच आहे तुमचं. डेंगूचं दर पावसाळ्यात लिहितो, टायर आणि टाक्यांसकट. फळा आज दुपारी पुसतोच. फक्त पुसून कोरा ठेवायचा का दुसरं काही लिहायचं, एवढंच ठरायचंय.


नेकारकाठची_कोल्हापुरी
मंगळवार, दुपारी १२:४०

मूळची राजारामपुरीची, सध्या जर्मनीत श्टुटगार्टजवळ. इथे लाइमला बोरेलियोज म्हणतात आणि त्याचा बाऊ कोणी करत नाही. बालवाडीतून मुलगी आली की तिला कपडे काढून बघायचं, दिसली गोचीड तर चिमट्याने काढायची, तारीख लिहून ठेवायची, पुढचे काही आठवडे त्या जागेवर लक्ष ठेवायचं. झालं. गोचीड चिकटल्या चिकटल्या लाइम देत नाही, त्याला बहुधा एक दिवसाच्या वर लागतो, म्हणून रोजच्या रोज बघण्याला अर्थ आहे.

आमच्या भागात गोचिडीमुळे मेंदूज्वरही होतो. त्याची लस आहे, पण ती लाइमवर चालत नाही. माझ्या सासऱ्यांचा हाच घोळ झाला होता. “सुनेने लस दिलीय” म्हणत ते जंगलात अर्ध्या चड्डीवर फिरायचे. लाइमची एक लस अमेरिकेत निघाली होती, ती २००२ मध्ये बाजारातून काढून घेतली.

काका, तुमच्या कॉलनीतले किती आईवडील उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला जातात? मे ते सप्टेंबर पाच-पाच महिने? त्यांच्यासाठी एक ओळ ठेवाच.


फळाखडू
मंगळवार, दुपारी १:१५

बोटांवर मोजले. अकरा घरं! आमची ही पण गेल्या वर्षी जाऊन आली आणि भाचीच्या परसात उकिडवी बसून मेथी लावत होती. हे सुचलंच नाही मला.


गडवाट
मंगळवार, दुपारी ४:३०

पन्हाळा ते पावनखिंड दर जुलैला जातो. जळवांचा अनुभव दांडगा. तंबाखूचं पाणी मोज्यांना लावायचं, चिकटली तर मीठ टाकायचं, सुटते. गोचीडही तशीच निघते. आमच्या गावात रॉकेलचा थेंब टाकतात किंवा पेटती उदबत्ती टेकवतात. आपोआप सोडते.


गोठ्यातला_डॉक्टर
मंगळवार, सायंकाळी ५:०५

गडवाट, नका करू असं. जळू वेगळी. गोचीड तोंड रुतवून बसलेली असते. तिला चटका दिला, रॉकेल घातलं की ती पोटातलं जखमेत ओकण्याचा धोका असतो, आणि जे आत जाऊ नये तेच जातं. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून धरा, सरळ वर ओढा. पिळू नका, फिरवू नका, हिसका देऊ नका. तोंडाचा बारीक तुकडा आत राहिला तर सुईने कोरत बसू नका. नंतर साबणाने धुवा. काढलेली गोचीड नखाने चिरडायची नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी चिरडल्यात, माहीत आहे.


उचगावची_सून
मंगळवार, रात्री ९:५०

मी फक्त वाचते, लिहीत नाही कधी. आज लिहिते.

आमच्या चुलत सासूबाई, वय ५८. गेल्या भाद्रपदात उसात भांगलणीला जात होत्या. ताप आला. डोकं इतकं दुखायचं की उजेड नको म्हणायच्या. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, उतरला, परत चढला. डेंगू नाही आला तपासणीत. टायफॉइड म्हणून औषध सुरू झालं. आठव्या दिवशी प्लेटलेट ४० हजार आणि धाप लागायला लागली. दुसऱ्या दवाखान्यात हलवलं, आयसीयूत. तिथेही डेंगूच असणार, तपासणीत कधीकधी येत नाही, असंच चाललं होतं. आम्ही पपईच्या पानांचा रस घेऊन बाहेर बसलेलो.

रात्रपाळीच्या सिस्टर अंग पुसत होत्या. डाव्या छातीच्या खालच्या घडीत त्यांना काळी खपली दिसली. बिडीचा चटका बसावा तशी, कडेला लाल. त्यांनी विचारलं, “मावशी, हे कधीपासून?” सासूबाई म्हणाल्या, “असंल धा-बारा दिस. काटा लागला हुता.” दुखत नव्हती, खाजत नव्हती, म्हणून सांगितलं नाही. आणि खरं कारण नंतर मला एकटीला सांगितलं, पुरुष डॉक्टरला तिथलं कसं दाखवायचं.

सिस्टरनी रात्रीच डॉक्टरांना उठवलं. स्क्रब टायफस. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप उतरला. आठ दिवस ज्याच्यासाठी जिवावर बेतलं त्या गोळ्यांची किंमत बघून मामंजी पावतीकडेच बघत बसले.

काका, लाइम असो नसो, पण खपलीचं लिहा. आणि लाजू नका असं लिहा.


निवृत्त_जीपी
मंगळवार, रात्री ११:१०

उचगावच्या ताईंनी लिहिलंय ते मी चाळीस वर्षं दवाखाना चालवून सांगू शकलो नसतो. त्या सिस्टरना माझा नमस्कार कळवा.

स्क्रब टायफस गोचिडीने होत नाही, एवढं फक्त सरळ करतो. गवताझुडपात कोळ्याच्या नात्यातला एक अतिबारीक किडा असतो, त्याचं पिल्लू चावतं. डोळ्याला दिसत नाही म्हटलं तरी चालेल. पावसाळा आणि त्यानंतरचे महिने हा त्याचा हंगाम, म्हणजे नेमका डेंगूचाही. दोन्हींत ताप, दोन्हींत प्लेटलेट घसरतात. फरक असा की डेंगूवर नेमकं औषध नाही आणि याच्यावर स्वस्त औषध आहे, वेळेत सुचलं तर. खपली प्रत्येकाला येत नाही, आणि आली तर झाकलेल्या जागीच जास्त. काख, जांघ, कमरेची नाडी जिथे बसते तिथे, स्तनाखाली. सावळ्या कातडीवर ती पटकन दिसतही नाही. ओपीडीत शंभर पेशंट रांगेत असताना डॉक्टर शर्टाची दोन बटणं काढायला लावतो, तेवढंच. म्हणून पेशंटने आपणहून सांगायचं : आठ-पंधरा दिवसांत मी भांगलणीला गेलो होतो, गोठा झाडला होता, दाजीपूरला फिरायला गेलो होतो. या एका वाक्याने डॉक्टरचं डोकं वेगळ्या दिशेला वळतं.

कुत्र्याच्या गोचिडीबद्दल विचारलंय. तिच्यामुळे एक टायफस होतो. ताप आणि पुरळ, आणि पुरळ तळहात-तळपायांवरही. त्यालाही तेच औषध. घरात कुत्रं आहे हेसुद्धा डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे.

आता माकडताप. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि मागोमाग माणसं आजारी पडली, तेव्हा हा पहिल्यांदा कळला. गोचिडीनेच पसरतो, पण विषाणू आहे, त्यामुळे डॉक्सिसायक्लिनचा उपयोग नाही. २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात त्याचे रुग्ण निघाले. काजूच्या बागांत काम करणारी माणसं त्यात होती. दोडामार्ग म्हणजे तिलारीचा घाट उतरलं की आलंच, वर आपलं चंदगड. हंगाम साधारण डिसेंबर ते मे. जंगलात माकड मेलेलं दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. पेठेतल्या पैलवानांना म्हणावं, रोग अमेरिकेचा असला तरी गोचीड आपलीच आहे.

लाइमचं दोन वाक्यांत. अमेरिका-युरोपातून आलेल्या माणसाला चावल्यापासून ३ ते ३० दिवसांत पसरणारा लाल चट्टा उठला तर तो दाखवावा. सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत तो दिसतो. दुर्लक्ष झालं तर पुढे सांधे सुजतात, तोंड वाकडं होतं, कधी हृदयाचे ठोके चुकतात. पण कधी परदेशीच गेला नाही त्याने गुडघे दुखतात म्हणून लाइमची रक्ततपासणी करू नये. ती तपासणी उगीचच्या उगीच ‘आहे’ म्हणू शकते, आणि मग माणूस आयुष्यभर त्या कागदाला धरून बसतो. माझ्याकडे असे दोन येऊन गेलेत, फायली घेऊन.


पेठेतला_पैलवान
बुधवार, सकाळी ६:५०

शब्द मागे घेतो. आईला दाखवलं वाचून. ती म्हणाली, आमच्या वेळी पण असली खपली यायची, ‘रानकिडा डसला’ म्हणायचे आणि हळद लावायचे. आज तालमीच्या फलकावर पण टाकतो. काका, मजकूर द्या.


फळाखडू
बुधवार, सकाळी १०:३०

हा कच्चा मसुदा, तासून द्या : ‘गवत, रान, गोठा येथून आल्यावर सर्वांग तपासावे. गोचीड आढळल्यास चिमट्याने काढावी. ज्वर आल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांस पूर्वेतिहास कथन करावा.’


तांबडापांढरा
बुधवार, सकाळी १०:४१

काका, बँकेतून निवृत्त झालायसा ना? पूर्वेतिहास कथन म्हटल्यावर अण्णा पोवाडा म्हणायला लागतील.


उचगावची_सून
बुधवार, सकाळी ११:१५

‘सर्वांग’ नको. जागा सांगा. काख म्हटलं की माणूस काख बघतो, सर्वांग म्हटलं की आरशात तोंड बघतो.


फळाखडू
बुधवार, सायंकाळी ६:२०

लिहिला. जसाच्या तसा देतो.

रानातून, गोठ्यातून, गवतातून आलात? अंग बघा.
काख, जांघ, कंबर, छातीखाली, कानामागे, गुडघ्यामागे.
गोचीड चिमट्याने सरळ ओढा. रॉकेल नको, चटका नको.
ताप आला तर डॉक्टरांना आपणहून सांगा, कुठे गेला होता.
काळी खपली दिसली तर दाखवा. लाजू नका.
मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, कळवा.
अमेरिकेहून आलात आणि लाल चट्टा पसरतोय? दाखवा.
पाणी उद्या सकाळी साडेसहाला.

आठवी ओळ पाण्याचीच ठेवावी लागली, नाहीतर वरच्या सात कोणी वाचत नाही. ‘लाइम’ शब्द कुठेही नाही, त्यामुळे वहिनींनी पोह्यांवर लिंबू पुन्हा सुरू केलंय. अण्णा मात्र आज फळ्यासमोर बराच वेळ उभे होते. मग घरी येऊन धोतर वर करून पोटरी दाखवली, “हे बघ रं जरा.” जुनी भाजल्याची खूण होती. तरी उद्या त्यांना डॉक्टरकडे घेऊन जातोय, बीपी पण तपासून होईल.

खालच्या रिकाम्या कोपऱ्यात डेअरीवाल्याच्या नातवाने रंगीत खडूने गोचीड काढलीय. फोटो जोडतो.


गोठ्यातला_डॉक्टर
बुधवार, सायंकाळी ७:००

मजकूर उत्तम. चित्राबद्दल एक सांगू का? त्याने सहा पाय काढलेत. गोचिडीला आठ असतात, ती किड्यापेक्षा कोळ्याच्या जवळची.


फळाखडू
बुधवार, सायंकाळी ७:२५

पोराला सांगितलं. रडवेला झाला. खडू संपलाय म्हणतो.


गोठ्यातला_डॉक्टर
बुधवार, सायंकाळी ७:३१

अहो, रडवू नका. अंड्यातून नुकतीच निघालेली असते तेव्हा तिला सहाच असतात. पिल्लू काढलंय म्हणा, बरोबर आहे.